निकेलच्या पाण्यात बेंटोनाइट: टाकणं सोपं, काढणं अवघड

सांडपाण्यातले धातू बेंटोनाइटने, म्हणजे एका फुगणाऱ्या चिकणमातीने, कसे पकडायचे ते सांगतो. पुण्याजवळच्या भोसरीतल्या एखाद्या छोट्या प्लेटिंग शॉपचं (धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) रिन्सचं, म्हणजे माल धुतलेलं पाणी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, निकेल, झिंक, तांबं असलेलं. क्रोमचं पाणी यात घेऊ नका. त्यातला हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचा) क्रोम पाण्यात ऋण भाराचा, मातीचा पृष्ठभागही ऋण, चिकटणार कसा? त्याला आधी तीन संयुजेचा, धन भाराचा करून घ्यायला आम्लात मेटाबायसल्फाइट हे रसायन लागतं. सायनाइडची लाइन तर कायम वेगळीच.

माती कुठली? शेतातली काळी माती टाका असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट, म्हणजे बेंटोनाइटमधलं धातू पकडणारं मुख्य खनिज, असतं हे खरंय, पण सोबत चुनखडी, वाळू, कुजकं काय काय असतं आणि प्रत्येक शेताचं वेगळं. सरळ कच्छचं बेंटोनाइट घ्या, फाउंड्रीला माल देणाऱ्यांकडे मिळतं. आदल्या दिवशी साध्या पाण्यात ढवळत ढवळत थोडं थोडं टाकून भिजवा, एकदम ओतलं तर गुठळ्या होतात.

पीएच 6 च्या आसपास. 4 च्या खाली हायड्रोजन आयनच जागा अडवून बसतात, आणि 9 च्या वर नेलंत तर निकेल हायड्रॉक्साइड होऊन तसाही खाली बसायला लागतो, त्याचं श्रेय मातीला देऊ नका. म्हणून जार टेस्टमध्ये (तेच पाणी वेगवेगळ्या भांड्यांत घेऊन केलेल्या चाचणीत) लिटरला 1, 2, 5, 10 ग्रॅम असे डोस लावताना एक जार बिनमातीचा ठेवाच. तासभर ढवळा.

आता खरी कटकट. धातू पाण्यातून मातीत गेला, पण माती पाण्यातच तरंगतेय! सोडियम बेंटोनाइट धातू छान पकडतं पण इतकं फुगतं की रात्रभर ठेवलं तरी पाणी गढूळच, आणि फिल्टरच्या कापडावर घातलं की कापड चोंदलंच समजा. मी कॅल्शियमवालंच वापरतो, थोडं कमी पकडतं पण बसतं.

मग माती खाली बसवायला लोक तुरटी टाकतात आणि पीएच बघत नाहीत. तुरटीने पीएच उतरतो, फार उतरला की मातीने धरलेला धातू परत पाण्यात. तुरटी थोडी थोडी द्या, दर वेळी मीटर लावा, लागेल तसं चुन्याच्या पाण्याने परत 6 च्या वर आणा, मग पॉलीइलेक्ट्रोलाइट (बारीक कण एकत्र बांधणारं पॉलिमर) अगदी थोडं, लिटरला 1-2 मिलिग्रॅम. मिनिटभर जोरात ढवळा, नंतर अगदी हळू. आणि फ्लॉक, म्हणजे मातीचे मऊ पुंजके, झाल्यावर ते पाणी पंपाने उचलू नका हो, सगळे तुकडे होतात, उताराने जाऊ द्या.

तपासणीला सॅम्पल न गाळता द्या, टोटल मेटल, म्हणजे विरघळलेला आणि कणांवरचा मिळून सगळा धातू, मोजून मागा. गाळून दिलं की फक्त विरघळलेलं निकेल मोजलं जातं, रिपोर्ट झकास येतो आणि मातीवर बसलेलं निकेल नाल्यात जातच असतं. नदीनाल्यात सोडायची मर्यादा निकेलला लिटरमागे 3 मिलिग्रॅम, झिंकला 5.

उरलेला गाळ म्हणजे घातक कचरा. कुंड्यांत नाही, भरावात नाही. लेबल लावून छपराखाली ठेवा आणि रीतसर कागद करून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात पाठवा.