वस्तीतल्या पाण्याची पाहणी वस्तीनेच करायची, तर आधी काय तयार ठेवायचं

फॉर्म छापायला टाकण्याची घाई करू नका. आधी प्रश्न कोणाचा आहे ते बघा. पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आम्ही पाणी गढूळ येतं का, हे विचारायला गेलो होतो. बायका म्हणाल्या, "पाणी चांगलंय हो, पण ते पहाटे साडेतीनला येतं. त्याचं विचारा ना." सगळे फॉर्म बदलावे लागले.

म्हणून पहिली बैठक गल्लीतच ठेवा, आणि धुणीभांड्याची कामं उरकून बायका घरी आल्यावर, दुपारी तीननंतर. सोबत खडू घ्या, भरपूर. नकाशा जमिनीवरच काढायचा. कागदावर काढला की पेन ज्याच्या हातात तोच बोलत राहतो. नळ, गटार, शौचालय, चढ असं सगळं मांडून झालं की भाडेकरूंच्या खोल्या मुद्दाम विचारा, त्या हमखास राहून जातात.

मोजायला 15 लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरे. बादली भरायला दोन मिनिटं लागली, तर तासाभराच्या पाण्यात 30 बादल्या, म्हणजे 450 लिटर. शहरासाठी सरकारी मानक माणशी रोज 135 लिटरचं आहे. पाच जणांच्या घराला 675 लिटर, म्हणजे 45 बादल्या. हे गणित आपण सांगू नये, बायकांना करू द्यावं. पंधरा बादल्या कमी पडतात हे ज्या बाईने स्वतः मोजलं, तिला अधिकाऱ्यासमोर कोणी गप्प बसवू शकत नाही. मोजणी सलग सात दिवस करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असेल तर तेही लिहा आणि शुक्रवारी किती उशिरा, किती दाबाने आलं तेही.

वहीत घरांना क्रमांक द्या, नावं नकोत. एखाद्याची नळजोडणी कागदोपत्री नसते, आपल्या पाहणीमुळे त्याचं पाणी तुटता कामा नये.

चावीवाल्याचं, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पालिकेच्या माणसाचं, वेळापत्रक माहिती अधिकारात मागवा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. उत्तराची मुदत 30 दिवसांची, म्हणून अर्ज महिनाभर आधीच टाका.

"सर्व्हे करून काय होतं?" असं कोणीतरी विचारणारच, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्यांना कचरावेचक बायकांचं सांगा. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आपल्या कामामुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. पुढे पालिकेने त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला.

आकडे हाती आले की आधी वस्तीत मोठ्याने वाचून दाखवा. एका आजींनी आम्हाला सुनावलं होतं, "मागेही एक बाई लिहून घेऊन गेली, परत आलीच नाही." चुका तिथेच निघतात. क्षेत्रीय कार्यालयात कोण बोलणार तेही तिथेच ठरवा, दोघीजणी तरी हव्यात. निवेदनाच्या दोन प्रती न्या. आवक क्रमांक आणि शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, आणि पोच त्याच संध्याकाळी नळाशेजारच्या भिंतीवर लावा.