फोन ओव्हरक्लॉक करण्याआधी हा हिशेब करा

गेम अडकतोय म्हणून फोन रूट करून (म्हणजे कंपनीने बंद ठेवलेले सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवून) प्रोसेसरचा वेग वाढवायचा, म्हणजेच ओव्हरक्लॉक करायचा विचार आहे? मग आधी एक हिशेब बघा. वेग वाढवला की चिप स्थिर राहावी म्हणून बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप वेगाच्या प्रमाणात आणि त्याशिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवलं तर खप जवळपास ३३ टक्के जास्त! ही सगळी वीज शेवटी उष्णता होते, आणि बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. तापला की फोन स्वतःच वेग खाली आणतो, म्हणजे कमावलेलं थोड्या वेळात गेलंच. ती मर्यादाही काही जण बंद करतात. कृपा करून ते अजिबात करू नका.

खरा फटका बसतो बॅटरीला. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत झपाट्याने म्हातारी होते. ॲपल आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरायला सांगतं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ गाठतो!

फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून बघा. डुलतोय, किंवा मागच्या झाकणाच्या कडेला नख शिरेल एवढी फट दिसतेय? बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. चार्जिंग लगेच थांबवा, झाकण दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

गेमसाठी ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, जाड कव्हर काढा आणि चार्जरला लावून खेळू नका.