थीम पार्कच्या ट्रिपमध्ये आरामाचा दिवस ठेवायचा की नाही? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दुकानदारसुद्धा शटर अर्धं ओढून आतमध्ये आडवा होतो. आणि हीच आपली माणसं सिंगापूरला नाहीतर खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला गेली की सकाळपासून रात्रीपर्यंत रांगेत उभी, का तर तिकीट काढलंय ना, मग वसूल नको का व्हायला! घरी जी दुपारची झोप कोणी चुकवत नाही ती नेमकी जिथे सगळ्यात जास्त लागते तिथे विसरायची, हे काही मला पटत नाही.

तर आरामाचा दिवस ठेवायचा की नाही? माझ्या मते पार्क एकच दिवसाचा असेल तर अख्खा दिवस आरामाला द्यायची गरज नाही, आदल्या रात्री सगळ्यांना धड झोप मिळेल एवढं बघा. सलग दोन दिवस पार्क चालून जातो. तिसरा दिवस मात्र मोकळा सोडायचा, आणि तो तिकिटं काढायच्या आधीच कॅलेंडरवर टाकायचा. आता लोक कुठे चुकतात ते बघू.

रात्रीच्या गाडीने जायचं आणि सकाळी थेट पार्कात

ही आपल्याकडची लाडकी चूक. मुंबईकडे रात्रीच्या गाड्या आहेतच, पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून कर्जतमार्गे खोपोली, एका रात्रीचं हॉटेल वाचलं. कागदावर हिशोब भारी दिसतो. पण रात्री गाडीत काय होतं ते बघा ना, इगतपुरीला चहावाला ओरडतो, कल्याण निघून जाईल म्हणून आई साडेतीनपासूनच चपला घालून बसलेली, बाबा दर दहा मिनिटांनी सीटखालच्या बॅगा मोजतात, आणि धाकट्याला झोप लागते ती नेमकी उतरायच्या वेळी. त्यात पार्क काही पहाटे उघडत नाही, म्हणजे मधले कितीतरी तास बॅगा सांभाळत बसायचं. मग दुपारी पोरगं राइडच्या रांगेतच झोपतं आणि सगळे म्हणतात याला आवडलंच नाही वाटतं. आवडलं असतं हो, त्याची झोप झाली नव्हती.

उपाय सोपा आहे, दिवसाच्या गाडीने निघा, खोपोली, लोणावळा किंवा पनवेलला रात्र काढा. हॉटेलचे पैसे जातील, पण तिकिटाचे पैसे खरोखर वसूल होतील ते त्यामुळेच.

धुळ्या-नंदुरबारकडून स्वतःची गाडी काढणाऱ्यांचं अजून अवघड, कारण गाडी चालवणाऱ्याचा आराम कोणीच धरत नाही. रात्रभर मुंबई-आग्रा हायवे, कसारा घाट, मग दिवसभर पोरांबरोबर राइड, आणि रात्री परत त्याच माणसाच्या हातात स्टिअरिंग. बाकीचे मागे घोरत असतात. हा जिवाशी खेळ आहे, एक तर ड्रायव्हर करा नाहीतर पार्क झाल्यावर मुक्काम करा.

"ऊन काय, आपल्या सवयीचंच आहे"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. पंचेचाळीस अंशात दिवस काढणारी माणसं आपण, सिंगापूरचे ३१-३२ अंश म्हणजे आपल्याला हिवाळाच की! इथेच फसगत होते. आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. सिंगापुरात किंवा मे-जूनमध्ये खोपोलीच्या बाजूला हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, अंगातली उष्णता आतच राहते. म्हणून आकडा कमी असूनही माणूस लवकर गळून जातो, आणि आपल्याला कळतही नाही कारण डोक्यात पंचेचाळीस बसलेलं असतं.

त्यामुळे दमट ठिकाणी पार्कच्या दिवशीसुद्धा दुपारी ब्रेक हवाच. हॉटेल जवळ असेल तर एक-दीड वाजता बाहेर पडा, जेवा, झोपा, चार-साडेचारला परत या. त्याच दिवशी परत आत सोडतात का हे बाहेर पडायच्या आधी गेटवर विचारून घ्या, हातावर शिक्का मारतात की तिकीट परत दाखवायचं तेही विचारा. सिंगापुरात काय किंवा अमेरिकेत ऑरलँडोला उन्हाळ्यात काय, दुपारी गडगडाटासह पाऊस नेहमीचा, वीज असली की बाहेरच्या राइड तशाही बंद ठेवतात. ती वेळ झोपेत गेली तर काय बिघडलं? हॉटेल लांब असेल तर निदान एसी थिएटरमधले शो दुपारसाठी राखून ठेवा, सकाळी गारव्यात शो बघत बसू नका, तेव्हा राइड करून घ्या.

आधी तिकीट, मग आराम

बऱ्याच पार्कांची तिकिटं तारीख टाकूनच मिळतात. म्हणजे आधी सगळ्या दिवसांची तिकिटं काढून मोकळे झालात की मग आरामाला जागाच उरत नाही. उलट करा. आधी मोकळा दिवस ठरवा, त्याच्या अलीकडे-पलीकडे पार्क बसवा.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत मुलगा-सून अमेरिकेत असतात, आई-बाबा तिकडे गेले की ऑरलँडो ठरलेलंच. डिस्ने वर्ल्ड १९७१ पासूनचं आहे आणि तिथे एक नाही, चार वेगळे पार्क आहेत, मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. मुलाला रजा कमी, म्हणून चार दिवसांत चार पार्क, सकाळी गेट उघडायच्या आधी हजर आणि रात्री फटाके बघूनच बाहेर. तिसऱ्या दिवशी बाबांचे गुडघे बोलायला लागतात पण मुलाला वाईट वाटेल म्हणून ते काही बोलत नाहीत. गंमत म्हणजे तिथलं नेहमीचं चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागतच नाही, सात दिवसांच्या आत कधीही वापरता येतं. म्हणजे आरामाच्या दिवसाची सोय तिकिटातच आहे, फक्त हॉटेलचा खर्च वाढतो. खास ऑफरच्या तिकिटांचे नियम वेगळे असू शकतात, तेवढे वाचून घ्या. आणि रात्री फटाके बघितले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरचा पार्क ठेवू नका, दोन्हीपैकी एकच.

मोकळा दिवस कोणता ठेवायचा? शक्यतो शनिवार-रविवार, कारण तेव्हा गर्दी जास्त, रांगेत उभं राहण्यापेक्षा तोच दिवस लोळण्यात घालवा. सिंगापूरला जाणार असाल तर अजून एक, तिकडच्या शाळांना मेच्या शेवटी सुट्टी लागते ती जूनभर चालते, त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन आलेलं बरं. घड्याळही तिकडे अडीच तास पुढे, तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच. पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी पोरांना उठवून पार्कात नेलंत तर ती चिडचिड करणारच.

आरामाच्या नावाखाली सिटी टूर

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दिवस मोकळा ठेवला, शाब्बास. मग कोणीतरी म्हणतं, आज नाहीतरी काही नाहीये, चला मर्लायनचा पुतळा बघून येऊ. तिथून गार्डन्स बाय द बेची बाग, संध्याकाळी खरेदीला मुस्तफा सेंटर, कारण अख्ख्या भावकीला काहीतरी न्यायचंय, कोणाला परफ्यूम, कोणाला चॉकलेट. रात्री हॉटेलवर आल्यावर मोबाईलमध्ये पावलं बघा, पार्कपेक्षा जास्त चाललेले असता.

आरामाच्या दिवशी सकाळी अलार्म नको, जेवणाआधी कुठलाही प्लॅन नको. पोरांना स्विमिंग पूलमध्ये सोडा, ती दिवसभर बाहेर निघत नाहीत, तुम्ही बाजूला बसून राहा. फिरायचंच असेल तर संध्याकाळी एकच ठिकाण, जवळचं. खरेदीला वेगळा अर्धा दिवस द्या, त्याला आराम म्हणू नका.

आणि हे जरा बायकांच्या वतीने. आरामाच्या दिवशी सगळे लोळत असतात आणि आई बाथरूममध्ये कपडे धूत असते, मग इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी, मग परत भांडी. तिचा आराम कुठे गेला? त्यातून बऱ्याच हॉटेलांत रूममध्ये स्वयंपाक चालतही नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले पहिल्या दोन-तीन दिवसांना पुरतात. मोकळ्या दिवशी सरळ बाहेर जेवा, कपडे लॉन्ड्रीला टाका, नाहीतर बाबांनी धुवा की!

बारा माणसं, एकच टाइमटेबल

आपण एकटे जात नाही. दोन भाऊ, जावा, पोरं, आजी, झालंच तर मामाकडची एक-दोन. आणि प्लॅन मात्र सगळ्यांना एकच, तोही कॉलेजच्या पोराच्या स्टॅमिनावर बेतलेला. आजी पहिल्या दिवशी सगळीकडे हौसेने फिरतात, दुसऱ्या दिवशी बाकड्यावर बसून पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या राखत असतात. "मना पाय दुखी ऱ्हायनात, तुम्ही जा" म्हणायचं आणि उन्हात बसायचं. यासाठी त्यांचं पूर्ण तिकीट काढायची काय गरज होती?

आराम सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायला पाहिजे असं कुठे आहे. आजी-आजोबांसाठी एकाच दिवसाचं तिकीट काढा, दुसऱ्या दिवशी त्यांना हॉटेलवर राहू द्या, सोबत आळीपाळीने एक जण. लहान पोरांचंही तसंच, मोठ्या राइडला उंचीची अट असते. युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर या पार्कात ट्रान्सफॉर्मर्स राइडला १०२ सेंटिमीटर लागतात, ममी राइडला १२२. तुमचा पाच वर्षांचा त्यात बसत नसेल तर त्याला तीन दिवस रांगेबाहेर उभं करण्यापेक्षा एक दिवस पूल बरा. घरूनच टेपने उंची मोजून जा, तिथे गेटवर रडारड नको.

आता प्लॅन फसलाच असेल तर

ट्रिप चालू आहे, आरामाचा दिवस ठेवलेला नाही आणि पोरं गळालीत. तर पुढच्या दिवसाची तारीख बदलता येते का ते रात्रीच बघा, बदलत नसेल तर पार्कात दुपारनंतर जा, सकाळ झोपेत जाऊ द्या. अर्धा दिवस ताज्या पायाने फिरलेला परवडतो.

पायाला फोड आले असतील तर ते बहुतेक पाण्याच्या राइडनंतर ओले मोजे तसेच ठेवल्याने, म्हणून एक जोडी कोरडे मोजे कायम बॅगेत ठेवा, आणि ट्रिपसाठी घेतलेले नवे कोरे बूट तिकडेच पहिल्यांदा घालू नका. पोर जेवत नाही, लघवी कमी आणि गडद पिवळी होतेय, तर पाणी कमी पडतंय, ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकून थोडं थोडं पाजा, अर्ध्या ग्लासात पाकीट ओतू नका. कोणी उलट्या करतंय, बरळतंय, अंग तापलंय, तर सावलीत न्या, अंग ओलं करा आणि लगेच पार्कच्या फर्स्ट एडवाल्यांना बोलवा, आधी राइड संपवू म्हणून थांबू नका. ताप असेल तर तो दिवस पार्क नाही म्हणजे नाही, तिकीट गेलं तर गेलं.

राहिलं परतीचं रिझर्व्हेशन. पार्कच्याच रात्रीची गाडी पकडायची म्हणून लोक शेवटचे दोन तास घड्याळ बघत पळतात. दुसऱ्या दिवशीची काढा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीत भुसावळकडच्या गाड्यांना वेटिंग पटापट लागतं, तेव्हा मेच्या मध्यावर जायचं असेल तर मार्चच्या मध्यालाच बसा.