चाळिशी उलटली? पर्वतीपासून सुरू करा

वय 47, दिवसभर खुर्चीत, आणि दर जानेवारीत जिमची फी भरून फेब्रुवारीत गायब, हा माझा रेकॉर्ड. शेवटी टिकली ती आपली पुण्यातली पर्वती टेकडी. 103 पायऱ्या, रुंद, दगडी, फी शून्य.

पहिला आठवडा एकदाच चढा-उतरा, बास. शेजारून सत्तरीचे काका टणाटण वर जातील आणि तुम्ही बुटात खडा गेल्याचं नाटक करत थांबाल (मी केलंय), चालतंय. दम एवढाच लागू द्या की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि छातीत दाबल्यासारखं झालं तर गपचूप खाली बसा, हिरोगिरी नको.

खरी गंमत उतरताना आहे. चढताना फक्त दम जातो हो, पण उतरताना गुडघ्यावर लोड येतो आणि मांड्या ब्रेकसारख्या राबतात, मी पहिल्या दिवशी जोशात तीन फेऱ्या मारल्या तर दुसऱ्या दिवशी कमोडवर बसायला भिंत धरावी लागली. म्हणून उतरताना सावकाश, पूर्ण पाऊल टेकवून, गुडघा जरासा वाकवून, धप्पधप्प अजिबात नाही. शिवाय आठवड्यातून दोनदा घरी खुर्चीवरून हात न टेकता 10 वेळा उठबस करा, कारण या वयात स्नायू आपोआप कमी व्हायला लागतात आणि नुसतं चालून ते भरून येत नाहीत. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास.

आता मूड. त्याची वाट बघाल तर तो संध्याकाळी उगवेल. व्हॉट्सॲप ग्रुपचाही उपयोग नाही, सगळे पांघरुणातूनच गुड मॉर्निंग टाकतात. त्यापेक्षा एक माणूस पकडा जो पावणेसहाला गेटवर येऊन हॉर्न मारेल, बाकीचे लोक शिव्या घालायच्या आत तुम्ही खाली पोचताच. एक दिवस बुडाला तर बुडू दे, लागोपाठ दोन नाही. आणि खाली आल्यावर चहा प्या खुशाल, क्रीमरोलचं मात्र जरा बघा, माझं वजन त्यानेच अडवलंय.

पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा मी सोसायटीचा जिना चढतो. तळमजल्यावरच्या आजी रोज विचारतात, "लिफ्ट परत बंद पडली का रे?"