सुटकेनंतरचे पहिले ९० दिवस: माणूस पुन्हा तुरुंगात जाऊ नये म्हणून काय करायचं

परत गुन्हा घडण्याचा धोका सुटकेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. तेव्हाचे प्रश्न अगदी साधे असतात: रात्री झोपायचं कुठे, तारखेला जायला भाडं कुठून आणायचं, आधार कार्ड कुणाकडे आहे. उपदेशाने यातलं काहीच सुटत नाही. म्हणून सुटकेच्या निदान तीन महिने आधी कामाला लागा. शक्यतो जो कार्यकर्ता तुरुंगात कैद्याला भेटायला जातो, त्यानेच बाहेरही भेटत राहावं. मधेच माणूस बदलला की विश्वास पहिल्यापासून जोडावा लागतो.

सर्वांत आधी कैद्यावरच्या सगळ्या केसेसची यादी करा. एका केसमध्ये सुटलेला माणूस दुसऱ्या केसची तारीख चुकवतो, अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि नवा गुन्हा न करताही तो परत आत जातो. प्रत्येक केसचा सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टात त्या केसला मिळालेला स्वतंत्र क्रमांक, घेऊन कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपवर टाका. हा क्रमांक १६ अक्षर-अंकांचा असतो. तो हाताशी नसेल तर पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष यांवरूनही केस सापडते. पुढची तारीख आणि कोर्ट मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून एक प्रत त्याला, एक घरच्यांना द्या. जाणं अशक्य असेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज गेला पाहिजे. वॉरंट निघालंच असेल तर लपून राहू देऊ नका; वकिलाबरोबर कोर्टात हजर होऊन ते रद्द करून घ्या. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

दंड न भरल्यामुळे जादा कैद भोगावी लागणार असेल, तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत मदत होऊ शकते. २०२३ मध्ये जामिनासाठी ही मर्यादा ४०,००० होती. अर्जाबद्दल तुरुंग प्रशासनाकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे, दोन्हीकडे विचारा.

घरी पाठवण्याआधी घर पाहून या. गुन्हा घरातल्याच बाईविरुद्ध झाला असेल, तर तिला एकटीला भेटून विचारा. ती नको म्हणाली तर तिथेच थांबा आणि दुसरी सोय बघा. समजूत घालायला जाऊ नका. इतर घरांत मात्र नातं टिकवण्यावर जोर द्या, कारण भेटायला येणारं कुणी असणं हा मोठा आधार असतो. येरवड्यात २०२२ मध्ये सुरू झालेली ‘जिव्हाळा’ योजना याच कारणाने मोलाची वाटते. राज्य सहकारी बँक कैद्याला ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देते, घरची नड भागते आणि हप्ता त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटतो.

व्यसन असेल तर सुटकेच्या दिवसाची तयारी वेगळी करा. आत काही महिने गर्द (ब्राउन शुगर) बंद राहिली की शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर जुन्याच प्रमाणात घेतली तर श्वास थांबून माणूस दगावू शकतो. हे त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. व्यसनमुक्ती केंद्राची पहिली भेट सुटकेआधीच ठरवून ठेवा.

कामाच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे मालकापासून लपवणं. चौकशीला पोलीस येतात, मालक हादरतो आणि काम जातं. त्या माणसाची संमती घेऊन मालकाला आधीच सांगा आणि अडचण आल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर द्या. पगार महिन्याने होणार असेल तर तोवरच्या किराण्याची आणि बसभाड्याची सोय लावा. बहुतेक चांगल्या योजना या महिनाभरातच कोसळतात.

याच्या जोडीला विचारांचं प्रशिक्षण हवं. मारामारीची एकच घटना घ्या आणि कागदावर चार रकाने पाडा: काय झालं, मनात काय आलं, अंगात काय जाणवलं, काय केलं. दुसऱ्या रकान्यात हमखास ‘त्याने माझी इज्जत काढली’ असं वाक्य येतं. तिथे थांबून दुसरं काय करता आलं असतं, ते बोलून आणि करून दाखवायचा सराव घ्या, पुन्हा पुन्हा. अशी पद्धत नीट राबवली तर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटतं, असं बरंच संशोधन सांगतं. जास्त वेळ जास्त धोका असलेल्यांना द्या. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या पोराला सराईतांच्या गटात बसवलं तर तो बिघडतो. तुरुंग दाखवून मुलांना घाबरवणंही टाळा. अमेरिकेतल्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’सारख्या कार्यक्रमांच्या तपासणीत अशा मुलांकडून गुन्हे उलट जास्त झाल्याचं आढळलं.

पहिल्याच, किरकोळ गुन्ह्यात तर तुरुंग टाळायचाच प्रयत्न करा. १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि वय २१ च्या आत असेल तर कलम ६ चं संरक्षण आणखी भक्कम आहे. वकिलाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला सांगा. शिक्षा ऐकवली जाण्याआधी हा मुद्दा मांडायलाच हवा.

सुटल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोनदा भेटा, पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा. भेट चुकली तर फोन करा. दोन दिवस फोन उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी जा.