कॉलेजमधली सभा, मोर्चा, निवडणूक कव्हर कशी करायची

पहिल्या वर्षी मी विद्यार्थी निवडणुकीचे सहाशेएक फोटो काढले आणि एकाही माणसाचं नाव लिहून ठेवलं नाही. दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं की यात सेक्रेटरीच्या पदाला उभी राहिलेली मुलगी कुठली, तर मला सांगता येईना. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात आदल्या दिवशी करा. कोण बोलणार, मोर्चा कुठून निघून कुठे संपणार हे आयोजकांना विचारून घ्या, जमलं तर जागेवर एक चक्कर मारा म्हणजे वरच्या मजल्यावरून फोटो मिळेल का, ऊन त्या वेळेला कुठल्या बाजूने असतं ते कळतं. हॉलमधला कार्यक्रम असेल तर परवानगी आधीच काढा, दारात वाद घालत राहिलात तर पहिलं भाषण गेलं. दोन बॅटऱ्या, दोन रिकामी कार्ड, आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे का ते बघा, हे सगळे विसरतात. लेन्स भारी नसली तरी चालते, ३५ किंवा ५० एमएमची एफ १.८ वाली (म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी) असली तरी बरंच काम होतं.

बाहेर उजेडात शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) १/५०० सेकंद ठेवलं की घोषणा देताना उंचावलेले हात न हलता स्पष्ट येतात. खरी गडबड हॉलमध्ये होते. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. शटर १/२०० च्या आसपास ठेवायचं, पण एलईडी लाइटमुळे फोटोत काळपट पट्ट्या यायला लागल्या तर जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/१०० आणि ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२५ करून बघा, सायलेंट शटर (कॅमेऱ्यातला आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करा, आणि मग शटर कमी झालंय म्हणून बोलणारा वाक्य संपवून क्षणभर थांबतो तेव्हाच क्लिक करा. फ्लॅश नकोच. अगदी समोर उभं राहिलं तर माईकने तोंड झाकलं जातं, थोडं बाजूला सरका.

स्टेजचे दहा चांगले फोटो झाले की पाठ फिरवा. ऐकणारे चेहरे, आदल्या रात्री जमिनीवर बसून पोस्टर रंगवणारे, सभा संपल्यावर खुर्च्या उचलणारे, मला तर हेच फोटो जास्त मोलाचे वाटतात, कारण भाषण करणाऱ्याचा फोटो कोणीतरी काढतंच.

गर्दीच्या बाबतीत प्रामाणिक राहा. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने पन्नास माणसंही दाटीवाटीची दिसतात, म्हणून उंचावरून एक वाइड फोटो हवाच. घोषणा परत द्या असं कोणाला सांगू नका. विरोधी बाजूचेही फोटो काढा, तुम्ही स्वतः एखाद्या संघटनेत असाल तर छापणाऱ्याला तसं आधी सांगा.

वातावरण तापलं तर कडेने चाला, पोलीस आणि गर्दी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, बाहेर पडायची वाट डोक्यात ठेवायची आणि सोबत एक मित्र असू द्यायचा.

इथे केंट स्टेटचा फोटो आठवतो. ४ मे १९७० ला अमेरिकेत ओहायोमधल्या त्या युनिव्हर्सिटीत नॅशनल गार्डने (राज्याच्या राखीव लष्करी दलाने) गोळीबार केला, ४ विद्यार्थी गेले, आणि मृतदेहाशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो काढणारा जॉन फिलो तिथलाच फोटोजर्नालिझमचा विद्यार्थी होता. १९७१ ला त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं. ती मुलगी १४ वर्षांची, घरातून पळून आलेली, आणि फोटो छापून आल्यामुळे ती ओळखली गेली. पुढे कोणीतरी तिच्या डोक्यामागचा खांब पुसून टाकला आणि तो बदललेला फोटोही छापला गेला. तेव्हा फ्रेममधलं काही पुसायचं नाही, उजेड आणि क्रॉप एवढंच. आणि ज्याला ओळखलं गेल्यामुळे त्रास होऊ शकतो त्याचा चेहरा ऑनलाइन टाकण्याआधी विचार करा, शक्य असेल तर त्याला विचारा, लोकेशन काढून टाका. मूळ फाईल मात्र तशीच ठेवा.

आता कॅप्शन. त्याच रात्री लिहायचं, दुसऱ्या दिवशी नावं जातात. मी एक करतो, बोलणाऱ्याचा फोटो झाला की लगेच त्याची नावाची पाटी किंवा कार्यक्रमपत्रिका टिपून घेतो, नाहीतर जाऊन नाव विचारतो, स्पेलिंगसकट. डावीकडून कोण कोण, काय चाललंय, कुठे, तारीख, एवढं साध्या वाक्यात, आणि ते फोटोच्या मेटाडेटातच (फाईलच्या आत साठवलेल्या माहितीतच) भरायचं म्हणजे फाईल कुठेही गेली तरी माहिती सोबत जाते. सहाशेतले तीस निवडा आणि त्या तिसांना नीट कॅप्शन द्या.

कॉपी तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि कॉलेज सोडायच्या आधी एक सेट लायब्ररीत नेऊन द्या, नुसता पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून येऊ नका, लायब्ररियनसोबत बसून चारपाच फोटो उघडून कॅप्शन तिथल्या कॉम्प्युटरवर दिसतायत का ते बघूनच उठा.