जुनी रंगपेटी पुन्हा उघडताना

वर्षानुवर्षं कपाटात पडलेली जलरंगांची पेटी उघडली की पहिला हिरमोड रंग करत नाहीत, कागद करतो. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने हवा दमट असते, त्यात जुन्या कागदाची खळ, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारा घटक, निकामी होते. मग टिपकागदासारखा तो रंग शोषतो, ठिपके उमटतात आणि माणसाला वाटतं आपला हातच गेला. हात गेलेला नसतो! कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. क्षणात मुरला तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा आणि रंगाला ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) नवा घ्या.

ट्यूबमधले जलरंग दगड झाले तरी फेकू नका. ट्यूब कात्रीने उभी चिरा, खडा पॅलेटच्या खाचेत ठेवा, दोन-तीन थेंब पाणी घालून रात्रभर झाका. आतला डिंक भिजला की रंग सुटतो. बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या. अ‍ॅक्रिलिकला हा उपाय चालत नाही, ते सुकल्यावर विरघळत नाही.

सुरुवातीला पूर्ण चित्राचा हट्ट नको. पोस्टकार्डाएवढे तुकडे, रोज वीस मिनिटं, रंग दोनच: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). सिएना जास्त घेतला की कौलं आणि तांबडी माती, अल्ट्रामरीन वाढवला की बेळगावजवळच्या राजहंसगडावरचं भरलेलं आभाळ. ब्रश भरपूर भिजवा. नवशिक्याइतकाच परतलेला माणूसही पाण्याची कंजुषी करतो, म्हणून कडा मध्येच सुकून रेघा पडतात. एका दमात सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, जमू लागला की मोठा कागद काढा.